नावापुरती जागा

खोली बघायला गेलो तेव्हा आप्पांनी माझा पगार विचारला नाही, लग्न झालंय का ते विचारलं नाही, पोरं जमवून दंगा करणार का तेही विचारलं नाही. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "फोन द्या बरं."

मी दिला. घर शोधणारा माणूस घरमालकाला काहीही देतो. त्यांनी गॅलरी उघडली, अंगठ्याने फोटो वर ढकलत राहिले आणि त्यांचं तोंड हळूहळू आंबट होत गेलं. तिकिटांचे स्क्रीनशॉट, ऑफिसच्या फळ्याचे फोटो, ताईच्या मुलीचं बारसं, मेसच्या भाजीत निघालेल्या अळीचा पुरावा, सगळं एकाखाली एक.

"ह्यो उकिरडा हाय," फोन परत देत ते म्हणाले. "खोली देतो. पर आदी ह्ये नीट लावायचं. आमच्या बिल्डिंगीत घान चालत न्हाई."

हे बोलत होते तेव्हा त्यांच्यामागे पार्किंगमध्ये, दोन मोटारसायकलींच्या मध्ये, एक शेळी उभ्याउभ्या लेंड्या टाकत होती.

मी मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेला. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे माझं काम, त्यामुळे स्वभाव थोडा खवचट झालेला आहे. आता सूसला स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो आणि तिथे कुणी माझा फोन तपासत नाही. पण माण गावात आप्पांच्या चार मजली बिल्डिंगीत काढलेली वर्षं काही डोक्यातून जात नाहीत. आयटी पार्कचे टप्पे वाढत गावापर्यंत आले तेव्हा माणमध्ये ज्याच्या त्याच्या दारात मोठ्या चाकांची गाडी आली. आप्पांनी कॉम्प्युटर घेतला. लॅपटॉप नव्हे, चांगला दणदणीत डेस्कटॉप, टीव्हीएवढ्या पडद्याचा. "लॅपटॉप म्हंजे बिऱ्हाड पाठीवर," ते म्हणायचे. "आमच्या बापानं लई वर्सं पाठीवर बिऱ्हाड वाह्यलं. आता एका जागी बसनार."

वडील मेंढरं राखायचे, तरुणपणी आप्पाही त्यांच्यामागे फिरलेले. मेंढरं गेली, पण भाषा राहिली. फोल्डरला ते वाघूर म्हणायचे. वाघूर म्हणजे संध्याकाळी मेंढरं कोंडायची जाळी. "त्या लग्नाच्या वाघरीत बघा," असं म्हटलं की समजायचं. रोज सकाळी कॉम्प्युटर लावून पहिला प्रश्न, "आज काय व्यालं?" म्हणजे डाउनलोडमध्ये नवीन काय आलं. गावाच्या ग्रुपवर येणारे फुलांचे, सूर्याचे, कपबशांचे शुभ सकाळ फोटो ते पुसायचे नाहीत. त्यांच्यासाठी एक वेगळी वाघूर होती आणि तिचं नाव होतं 'भाकड'.

या कॉम्प्युटरात त्यांनी सगळी भावकी भरली होती. स्टुडिओतले काळेपांढरे फोटो स्कॅन करून, लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेऊन, लोकांच्या घरी जाऊन पेन ड्राइव्ह लावून. माणसं आधी चहा करायची, मग लक्षात यायचं की आप्पा चहासाठी आलेले नाहीत. आणि हे सगळं लावायला त्यांना रोज नवा प्रोग्रॅम हवा असायचा. कुठलीही जुनी फीत मुकाट्याने चालवणारा एक प्लेअर होता, त्याला ते 'गरीब गाय' म्हणायचे. ढिगाने फाइलींची नावं एकदम बदलणारा एक होता. त्या कामाला त्यांनी 'बारसं' नाव दिलं होतं. "बसा पाच मिन्टं, हजारभर पोरांचं बारसं आटपतो आन येतो," असं ते पाणी आलं नाही म्हणून तक्रार घेऊन आलेल्या भाडेकरूला सांगायचे.

खंडेनवमीला कातर, कोयता आणि हार्ड डिस्क एका पाटावर पूजेला बसायच्या. एका वर्षी कुंकू कीबोर्डात सांडलं, तेव्हापासून त्यातलं एक बटण दाबलं की बसून राहायचं. आप्पा त्याला दोष द्यायचे नाहीत. देवाचं आहे म्हणायचे.

बॅकअप मात्र त्यांच्याकडून शिकावा. एक डिस्क घरी बाजरीच्या पिंपात, दुसरी घोटावड्याला लेकीच्या घरी. "सगळा कळप एका जागी न्हाई ठेवायचा. लांडगा आला म्हंजे?" असं ते सांगायचे. बाकीचं ज्ञान असंतसंच. मी एकदा म्हटलं, जागा कमी पडत असेल तर जुने फोल्डर झिप करून ठेवू, दाबून लहान होतात. आप्पा माझ्याकडे संशयाने बघत राहिले. "दाबल्यावर मानसं चपटी न्हाई व्हनार?" ते म्हणाले, आणि त्यांनी ती परवानगी मला शेवटपर्यंत दिली नाही.

त्यांच्या या कारभाराचा पहिला बळी त्यांचा पुतण्या. त्याला जुळी पोरं. एकसारखे दोन फोटो शोधून एक काढून टाकणारा प्रोग्रॅम आप्पांनी कुठूनसा मिळवला आणि मला न विचारता चालवला. आता जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसाला फोटोवाल्याने काय केलं होतं, तर एका पोराला खुर्चीत बसवून फोटो, मग त्याला उचलून त्याच टोपड्यात, त्याच खुर्चीत दुसऱ्याचा. प्रोग्रॅमला वाटलं, एकच पोरगं दोनदा आलं. त्याने एकाला ठेवलं आणि दुसऱ्याला काढलं. कुणाला ठेवलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. पोरांची आई तो फोटो घेऊन आली आणि विचारायला लागली, "ह्यातला ह्यो कोन?" आप्पांनी चष्मा वर करून नीट बघितलं. "ह्यो राहिलेला," म्हणाले. पुढे घोटावड्याच्या डिस्कवर दोन्ही फोटो सापडले, पण तोवर ती बाई चार महिने या घराची पायरी चढली नव्हती.

तर अशा माणसाच्या हातात चेहरे ओळखणारा प्रोग्रॅम पडला. तो मीच बसवून दिला, त्यांच्या हुकमावरून. हा प्रोग्रॅम सगळ्या फोटोंमधले चेहरे कापून समोर मांडतो आणि विचारतो, हे कोण? आपण एकदा नाव लिहायचं, मग तो त्या माणसाला बाकीच्या फोटोंत स्वतः हुडकतो. आप्पा दोन दिवस जेवायला उठले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. प्रोग्रॅम बिघडला होता. बघितलं तर आप्पांनी नावांच्या जागी नाती लिहिली होती. एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याला लिहिलं 'मामा'. पुढे दुसरा आला, तोही मामाच, मिशा नसलेला. मशीनने विचारलं, हे तेच मामा का? आप्पांनी हो म्हटलं, कारण मामा होते हे खरंच होतं. असे आईचे भाऊ, मुलांचे मामा, ज्यांना सगळं गाव मामा म्हणतं ते, सगळे एकात एक मिसळले. तीच गत आत्यांची. वहिन्यांचं तर विचारूच नका. प्रोग्रॅम शेवटी इतका भंजाळला की फेटा दिसला की मामा म्हणायचा. त्याने दोन नवरदेवांनाही मामा केलं.

"आप्पा, नाव लिहायचं. मामा हे नाव नाही," मी म्हटलं.

"मामाला नावानं हाक मारू? थोबाडीत देतील."

"ते वारले ना?"

"मेलं म्हनून काय नात्यातनं गेलं?"

अनोळखी लग्नातल्या अनोळखी माणसांना त्यांनी 'पाव्हणं' लिहिलं होतं. आम्ही सगळे 'भाडेकरू' या एकाच नावाखाली होतो, सोलापूरचा, नांदेडचा आणि बिहारचा मिळून एकच इसम. खरी नावं त्या अख्ख्या कॉम्प्युटरात फक्त शेळ्यांना होती. मशीन शेळीचा चेहरा ओळखत नाही, म्हणून आप्पांनी प्रत्येकीच्या तोंडाभोवती माउसने चौकट आखून हाताने लिहिलं होतं: चंद्री, बुटकी, कपिली. बोकडाचं नाव राजा.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. आप्पांची बायको, अंगाने काडी आणि जिभेने कोयता. पाण्याची मोटर, शेळ्यांचं दूध आणि भाडेकरूंची अब्रू ही तिन्ही खाती त्यांच्याकडे. कॉम्प्युटरला त्या 'डबडं' म्हणायच्या आणि त्या खोलीत फक्त केर काढायला जायच्या. आप्पा त्यांना 'अगं ए' म्हणायचे, त्या आप्पांना 'अहो' म्हणायच्या, आणि एवढ्यावर त्यांचा संसार पन्नास वर्षं चालला होता. काकूंचं नाव काय, हे बिल्डिंगीत कुणालाच माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर आप्पांचं आणि मुलाचं, वीजबिलावर आप्पांचं. जुन्या माणसांत बायको नवऱ्याचं नाव घेत नाही तसं नवराही बायकोचं घेत नाही. घ्यायचंच झालं तर लग्नकार्यात, चार माणसांनी धरून बसवल्यावर, उखाण्यातून.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं मुलाने ठरवलं. पिरंगुटच्या बाजूला मंगल कार्यालय, जेवण, आणि स्टेजमागे मोठ्या पडद्यावर आईवडिलांचे जुने फोटो. एका रविवारी तो फोटो घ्यायला आला. काकू भाजी निवडत दारात बसल्या होत्या, मी एक केबल द्यायला गेलो होतो.

"आईचे काढा आदी," मुलगा म्हणाला आणि त्याने स्वतःच 'आई' असं टाइप केलं.

पडद्यावर आप्पांच्या आई आल्या. नऊवारीतल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोनशे ठिकाणी.

काकूंनी मान वर केली. "म्हातारी मेली तरी बसलीया हितं," त्या म्हणाल्या.

मुलाने माणसांची सगळी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. मामा, आत्या, वहिनी, सरपंच, पाव्हणं, भाडेकरू. मग चंद्री, बुटकी, कपिली, राजा. यादी संपली. त्याने पुन्हा वर जाऊन बघितलं.

काकू उठून आल्या. त्यांना वाचता येत होतं, सावकाश. त्यांनी पडद्याजवळ जाऊन शेवटच्या ओळी बोट लावून वाचल्या.

"शेळ्यांची नावं हायेत," त्या म्हणाल्या. "बोकडाचं बी हाय. माजं न्हाई."

"अगं, तसं न्हाई त्ये," आप्पा म्हणाले.

"कसं हाय मग?"

काकूंनी भाजीचं ताट तिथेच कीबोर्डावर ठेवलं, आत गेल्या आणि पिशवी भरून बाहेर आल्या. "मी घोटावड्याला लेकीकं चालले. कार्यक्रमाला यीन, पाव्हणी म्हनून. तितनं परत लेकीकं. हितं माजं काय काम हाय?"

या क्षणी कुठल्याही शहाण्या माणसाने गप्प बसावं. आप्पा म्हणाले, "जा. एक कॉपी तिकडं असलेली बरी."

ते त्यांना विनोद वाटला होता असं त्यांनी मला पुढे सांगितलं. काकूंना वाटला नाही.

पुढचे दिवस बिल्डिंगीला फार वाईट गेले. मोटर कधी लावायची हे आप्पांना आठवायचं नाही, आणि आठवलं की टाकी वाहून जिना भिजेपर्यंत बंद करायचं आठवायचं नाही. चंद्री त्यांना दूध काढू देईना. कासेला हात लावला की भांड्यात पाय. मुलगा फोन करून आईला समजावत होता, लेक तिकडून बापाला शिव्या घालत होती. आप्पा कॉम्प्युटरसमोर बसायचे पण बंद पडद्यासमोर. अर्धी दाढी वाढलेला तो माणूस बघून मला त्यांची कीव आली, आणि पाणी नाही म्हणून रागही आला, दोन्ही एकदम.

मग एक दिवस सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले. "ते इग्नोर केलेलं मागारी आनता येतंय का?"

"काय इग्नोर केलं?"

खाली जाऊन मी शोधलं. मशीन 'हे कोण?' विचारतं तेव्हा नावाच्या चौकटीशेजारी एक बटण असतं, इग्नोर. म्हणजे या चेहऱ्याकडे दुर्लक्ष कर, पुन्हा विचारू नकोस. रस्त्यावरचे, गर्दीतले परके चेहरे काढून टाकायला ते असतं. असे काढलेले चेहरे पुसले जात नाहीत, एका कोपऱ्यात साठतात. तो कोपरा मी उघडला.

पडदा भरून काकू आल्या. खाली सरकवलं, आणखी काकू. एकेक चेहरा दाबून अख्खे फोटो उघडले. हात आडवा धरलेल्या, पदर तोंडात घातलेल्या, चुलीच्या धुरात डोळे मिटलेल्या. काखेत करडू घेतलेल्या. नातवाच्या पाळण्यामागे अर्ध्या दिसणाऱ्या. जिन्यात उभ्या राहून कुणाला तरी झापणाऱ्या, आणि तो कुणीतरी बादली घेतलेला मी होतो. सगळ्यात खाली एक स्कॅन केलेला काळापांढरा, मुंडावळ्या बांधलेली पोरगी, नजर जमिनीत.

"हिला का इग्नोर केलंत?"

"ते सारकं इचारायचं, ही कोन, ही कोन. आता ही कोन ते मी त्या डबड्याला सांगू? म्यां म्हनलं, नको इचारू."

मी पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं, कारण चुका शोधायची सवय. त्या कोपऱ्यात दुसरं कुणी नव्हतं. एकही परका चेहरा नाही, एकही मामा नाही. अख्ख्या कॉम्प्युटरात सगळी माणसं एकमेकांत मिसळून त्यांचा काला झाला होता आणि फक्त ही एक जागा अशी होती की तिथे एकच माणूस होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न चुकता. हे मी आप्पांना सांगितलं नाही, ते चढून बसले असते.

"आता नाव लिहा, की सगळे यादीत येतील," मी म्हटलं.

"असं सरळ?"

"मग वाकडं कसं लिहितात?"

आप्पांनी एक बोट कीबोर्डापर्यंत नेलं आणि मागे घेतलं.

"तुम्ही सांगा, मी लिहितो."

"सांगायचं म्हंजे घ्यायचंच झालं की नाव." मग म्हणाले, "आन दुसऱ्याच्या बायकूचं नाव तुमी कशापायी लिवताय?"

मी हात जोडून वर निघून आलो. दुपारी परत खाली गेलो तर आप्पा एका बोटाने टाइप करत होते आणि ओठ हलत होते. नावाच्या त्या चौकटीत त्यांनी उखाणा लिहायला घेतला होता. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. कुंकवाचं बटण अडकत होतं, ते नखाने उचकटत होते. शेवटी त्यांनी एंटर दाबलं आणि यादीत, कपिली आणि बुटकीच्या वर, ओळ उमटली:

'माळावर झाल्या माड्या, मेंढरं गेली लांब, सगळं हाललं तरी हालला न्हाई घराचा खांब, नाव घेतो'

पुढे काही नाही. चौकटीत ठरावीकच अक्षरं मावतात आणि उखाण्यात नाव शेवटी येतं.

"पुढचं खाल्लं की ह्यानं," आप्पा म्हणाले.

"खांब काढा. जागा होईल."

"खांब काढल्यावर घर ऱ्हातंय व्हय?"

"मग मेंढरं काढा."

"आन खांबाला यमक?"

मी खूप समजावलं. नुसतं नाव लिहा, चार अक्षरांचं असेल, पाच अक्षरांचं असेल. ते ऐकेनात. उखाणा तोडला तर नाव नुसतं उघडं पडतं, असं काहीतरी त्यांचं म्हणणं होतं. ते तसंच राहिलं. मुलाने येऊन सगळे फोटो प्रोग्रॅममधूनच पडद्यासाठी तयार करून नेले, आणि त्या प्रोग्रॅमची सवय अशी की फोटोखाली माणसाचं नाव आपोआप येतं.

कार्यक्रमाला काकू खरोखरच पाहुणीसारख्या आल्या. लेकीच्या मागोमाग, हातात आहेराचं पाकीट घेऊन. स्टेजवरच्या कोचावर बसायला तयार होईनात, सुनेने ओढून बसवलं तर मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून बसल्या. आप्पा नव्या फेट्यात घामाने भिजले होते. प्रोग्रॅमने बघितलं असतं तर मामा म्हटलं असतं.

पडदा लागला. आधी आप्पांचे आईवडील, मेंढरं, जुनं घर. मग मुंडावळ्यांची पोरगी आली आणि खाली ती ओळ. मग चूल, मग करडू, मग पाळणा. प्रत्येक फोटोखाली तेच, मेंढरं गेली लांब, घराचा खांब, नाव घेतो. आणि पुढे मोकळं. फोटो संपता संपेनात. काकूंनी आधी मान वळवली नव्हती, मग वळवली, मग पुरत्या मागे फिरून पडद्याकडे तोंड करून बसल्या. त्यांचे ओठ सावकाश ओळ वाचत होते.

पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने वाचलं. मग दोघांनी. पाचव्या-सहाव्या फोटोला सगळं कार्यालय एका सुरात, "घराचा खांब, नाव घेतो," आणि पुढे हशा. बायकांच्या बाजूने सुरू झालं, "घ्या की मग. नाव घ्या, नाव घ्या." जुळ्यांची आई सगळ्यात पुढे होती. मुलाने बापाच्या हातात माईक दिला.

आप्पा उभे राहिले. ते म्हणाले, "माळावर झाल्या माड्या." मेंढरं लांब गेली, खांब हालला नाही, "नाव घेतो," एवढं सगळ्यांना ऐकू गेलं. मग त्यांनी माईकवर तळहात ठेवला, कोचावर मधल्या त्या मोकळ्या जागेत बसले आणि काकूंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलले.

"ऐकू आलं न्हाई," कार्यालय ओरडलं. "मोठ्यानं घ्या. ऐकू आलं न्हाई."

काकूंनी डोळे पुसले, त्यांच्या हातातून माईक काढून घेतला आणि सगळ्यांना स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला आलं. चला आता घरी, शेळ्या बांधायच्या हायेत."